खाडीसाठी पहिला रॉड बांधताय? सामान या क्रमाने घ्या

सारसोळे जेट्टीवर, बेलापूरजवळ दिवाळ्याला किंवा घोडबंदर रस्त्यावरच्या गायमुखला गळ टाकायला येणाऱ्यांत हल्ली तरुण मंडळी बरीच दिसतात. रेडिमेड रॉडवर हात बसला की त्यातल्या काहींना वाटू लागतं, आपला रॉड आपणच बांधावा. हा लेख त्यांच्यासाठी आहे.

रॉड बांधणं हे फार कसबाचं काम नाही. ज्याला नीट मोजता येतं, दोरा शेजारी-शेजारी गुंडाळता येतो आणि इपॉक्सी (दोन भाग मिसळून लावायचं, सुकून कडक होणारं रसायन) सुकेपर्यंत हात आवरता येतो, त्याला ते जमतं. अडतं ते सामान निवडताना. ब्लँक (रॉडचा नुसता दांडा), गाईड (लाईन ज्यांतून धावते त्या कड्या), रील सीट (रीळ बसवायची जागा), ग्रिप (मूठ), दोरा, इपॉक्सी हे भाग सुटेसुटे विकले जातात, पण त्यांची मापं एकमेकांत अडकलेली असतात. ब्लँक जाड निघाला तर सीट बसत नाही, रीळ मोठं निघालं तर पहिला गाईड छोटा पडतो.

बहुतेक नवखे ब्लँकपासून सुरुवात करतात. सवलतीत एखादा चकचकीत कार्बन ब्लँक दिसतो, तो मागवला जातो आणि मग त्याच्यासाठी मासा शोधला जातो. माझा क्रम वेगळा आहे: आधी मासा आणि जागा, मग आमिषाचं वजन, मग लाईन आणि रीळ, आणि त्यानंतर ब्लँक. पहिल्या तीन गोष्टी कागदावर लिहून होईपर्यंत एक रुपयाही खर्च करू नका.

पायरी १: कुठला मासा, कुठली जागा

आपल्या खाड्यांमध्ये गळाला लागणारे मासे म्हणजे जिताडा, तांबोशी, रावस, शिंगाळा, वाम. या सगळ्यांसाठी एक रॉड हवा असं प्रत्येकाला वाटतं, आणि तसा रॉड कशालाच धड उपयोगी पडत नाही.

जिताडा आणि तांबोशी आडोशाचे मासे. तिवरांची मुळं, जुने धक्के, पुलांचे खांब, कालवं चिकटलेले खडक अशा ठिकाणी ते दबा धरून बसतात आणि आमिष तोंडात घेतलं की परत त्याच आडोशाकडे वळतात. पहिल्या काही क्षणांत मासा वळवता आला नाही तर लाईन कालवांच्या धारेवर घासते आणि खेळ संपतो. म्हणून या माशांसाठी रॉडच्या मुळाकडच्या भागात ताकद हवी. शिंगाळ्यासाठी तळाला जड शिसं लावून वाट बघत बसायचं असतं, तिथे चपळ टोकापेक्षा दमदार, सावकाश वाकणारा रॉड बरा. उरणच्या पिरवाडीसारख्या उघड्या किनाऱ्यावर रावसासाठी लांब फेक लागते, तिथे नऊ-दहा फुटी रॉड शोभतो. जेट्टीवर तेवढी लांबी मागे उभ्या असलेल्या माणसावर आदळते.

भरती-ओहोटी विसरू नका. आपल्याकडे मोठ्या उधाणाला पाणी साडेचार मीटरच्याही वर चढतं. त्याच जेट्टीवरून ओहोटीला बघितलं तर पाणी पार खाली गेलेलं असतं. अशा वेळी रॉड उभा धरून मासा वर उचलायचा मोह होतो, आणि कार्बन रॉड मोडायचा हमखास मार्ग तोच. याचं उत्तर जास्त जाड ब्लँक हे नव्हे. लांब दांड्याची जाळी किंवा दोरीने खाली सोडायची टोपली-जाळी हे उत्तर आहे. ती जाळी रॉडच्या खर्चात धरा.

जागेबद्दल आणखी एक. ऐरोली पूल ते वाशी पूल या पट्ट्यात खाडीच्या पश्चिमेकडचा भाग २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि २०२२ मध्ये ठाणे खाडीला रामसर स्थळाचा (जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागेचा) दर्जाही मिळाला. अभयारण्यात गळ घेऊन शिरायचं नाही, आणि तिवरं तोडून उभं राहायला जागा करणं हा तर सरळ गुन्हा आहे. कोळीवाड्याच्या जेट्टीवर होड्या लागायच्या वेळी रॉड बाजूला घ्यायचा. ती जागा आधी त्यांच्या पोटापाण्याची आहे.

तुम्ही ट्रान्स-हार्बरच्या लोकलने जाणार की दुचाकीवर, हेही आत्ताच ठरवा. सात फुटांचा अखंड रॉड घेऊन ठाणे स्टेशनच्या पुलावरून चालणं दुसऱ्यांच्या डोळ्यांना धोक्याचं आहे. पहिला रॉड दोन तुकड्यांचाच घ्या. अखंड रॉडची वाक एकसलग असते हे खरं, पण आजचे चांगले दोन तुकड्यांचे ब्लँक इतके सफाईदार असतात की पहिल्या रॉडला तो फरक गौण आहे.

पुढच्या सगळ्या पायऱ्यांत मी एकच उदाहरण धरतो: खाडीकाठावरून जिताडा आणि तांबोशीसाठी, सात फुटी, दोन तुकड्यांचा स्पिनिंग रॉड.

पायरी २: आमिषाचं वजन, लाईन, रीळ

तुमच्या डब्यातली आमिषं काढा आणि स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर एकेक ठेवून वजन लिहा. रबरी मासा वापरत असाल तर जिग हेडसकट (शिसं जडवलेल्या गळासकट) वजन करा. आपल्या खाडीत या कामाला साधारण १० ते २८ ग्रॅमची आमिषं चालतात. हा आकडा महत्त्वाचा, कारण ब्लँकवर आमिषाच्या वजनाची मर्यादा लिहिलेली असते. बऱ्याचदा ती औंसात असते: एक औंस म्हणजे सुमारे २८ ग्रॅम. तुमची नेहमीची आमिषं त्या मर्यादेच्या मधल्या भागात पडली पाहिजेत, अगदी काठावर नकोत.

लाईन. जिताड्यासाठी पीई (लाईनच्या जाडीचं माप) १.५ ते २ नंबरची ब्रेडेड, म्हणजे वेणीसारखी विणलेली, लाईन पुरते. पुढे चाळीसेक पौंडांचा तंगूस (एकेरी नायलॉन) किंवा फ्लुओरोकार्बनचा लीडर, म्हणजे आमिषाआधी बांधायचा मजबूत तुकडा, हवाच, कारण जिताड्याच्या कल्ल्याची कड ब्लेडसारखी धारदार असते. तंगुसावरच सगळं भागवणारी जुनी मंडळी आहेत आणि त्यांना मासा मिळतोही. पण रॉड बांधताना ठरवा, कारण ब्रेडेड लाईन आणि तंगूस यांना गाईडकडून वेगवेगळ्या गोष्टी लागतात.

रीळ ३००० किंवा ४००० आकाराचं घ्या आणि ते हातात आल्याशिवाय गाईड मागवू नका. त्याचं कारण गाईडच्या पायरीत येईल.

एक छोटं गणित करून ठेवा. लाईन समजा ३० पौंडांची, म्हणजे साधारण साडेतेरा किलो. रिळाचा ड्रॅग (किती ओढीला लाईन सुटू द्यायची तो ब्रेक) लाईनच्या ताकदीच्या चौथाई ते तिहाई लावतात, म्हणजे साधारण साडेतीन ते साडेचार किलो. रॉडने प्रत्यक्षात पेलायचा भार तो हा. वीस किलोचा ड्रॅग असलेलं रीळ लावून रॉड बळकट होत नाही.

पायरी ३: ब्लँक

ब्लँक म्हणजे रॉडचा नुसता दांडा, वर काहीही न बसवलेला. त्याच्या वर्णनात दोन शब्द सतत येतात आणि नवखे ते एकच समजतात: पॉवर आणि ॲक्शन. पॉवर म्हणजे वाकवायला किती जोर लागतो. ॲक्शन म्हणजे तो कुठून वाकतो. फास्ट ॲक्शनचा ब्लँक वरच्या तिसऱ्या हिश्श्यात वाकतो, मॉडरेट मध्यापर्यंत वाकतो, स्लो जवळपास मुठीपर्यंत. म्हणजे एखादा ब्लँक हलक्या पॉवरचा पण फास्ट असू शकतो आणि दुसरा जड पॉवरचा पण स्लो.

आपल्या उदाहरणाला मीडियम हेवी पॉवर आणि फास्ट ॲक्शन हवी. ब्लँकवरची लाईन मर्यादा १२ ते २५ पौंडांच्या आसपास (ती बहुधा तंगुसाच्या हिशेबाने लिहिलेली असते), आमिष १० ते २८ ग्रॅम. एक्स्ट्रा फास्ट टाळा. त्यात टोकाचा अगदी छोटा भाग वाकतो, मासा उडी मारून डोकं झटकतो तेव्हा उसंत मिळत नाही आणि गळ निसटतो. जिताडा उड्या मारण्यात पटाईत आहे.

आता ब्लँक कुठल्या पदार्थाचा. ग्लास फायबर जड, पण मार सोसणारा. कार्बन हलका, आमिषाला झालेला बारीकसा स्पर्शही हातापर्यंत पोचवणारा, पण कठीण वस्तूवर आपटला की आतून दुखावणारा. २४ टन, ३० टन, ४० टन हे आकडे कार्बनच्या ताठपणाचे आहेत, ताकदीचे नव्हेत. टन जास्त तसा ब्लँक हलका आणि कुरकुरीत. आपण सिमेंटच्या धक्क्यांवर, कालवांच्या खडकांवर रॉड टेकवणारी माणसं. त्यामुळे पहिल्या रॉडसाठी २४ ते ३० टनांच्या पलीकडे जाऊ नये, असं माझं ठाम मत आहे. कार्बन आणि ग्लास मिसळलेला ब्लँक मिळाला तर आणखी उत्तम.

कार्बन वीजवाहक आहे, हेही इथेच सांगतो. ऐरोली, विटावा, कळवा या भागात उच्चदाबाच्या तारा खाडीवरून जातात. त्यांच्या खाली कार्बन रॉड उभा करायचा नाही. विजा चमकू लागल्या तर तो आडवा ठेवून बाजूला व्हायचं.

ब्लँकवरचा नंबर वाचायला शिका. ७०२ असं लिहिलं असेल तर बहुतेक कंपन्यांत त्याचा अर्थ सात फूट शून्य इंच, दोन तुकडे. ७६१ म्हणजे साडेसात फूट, अखंड. पुढे एमएच म्हणजे मीडियम हेवी, एफ म्हणजे फास्ट. खरेदीच्या पानावर मुळाचा आणि टोकाचा व्यास मिलिमीटरमध्ये दिलेला असावा. नसेल तर विक्रेत्याला विचारा, आणि सांगता येत नसेल तर दुसरीकडे बघा. या दोन आकड्यांवर पुढची सगळी खरेदी उभी आहे.

ब्लँक घरी आला की तीन गोष्टी तपासा. एका डोळ्याने मुळाकडून टोकाकडे बघत तो सावकाश फिरवा, थोडी वाक प्रत्येकात असते, पण नागमोडी नको. दोन तुकडे जोडा: जोड घट्ट बसावा, खडखडू नये, आणि आतल्या-बाहेरच्या भागांत थोडी फट शिल्लक राहावी, कारण वापरून जोड झिजतो तसा तुकडा आत सरकतो. तिसरी गोष्ट, बाहेरच्या नळीच्या तोंडाशी चीर आहे का ते नखाने चाचपा. रॉड वाकतो तेव्हा सगळ्यात जास्त ताण याच तोंडावर येतो. गाईड बसवण्याआधी तिथे दोऱ्याचा घट्ट पट्टा गुंडाळायचा असतो, ते शोभेसाठी नव्हे. हा पट्टा वगळलेले घरगुती रॉड जोडापाशीच उभे चिरतात.

मणक्याबद्दल तुम्ही कुठेतरी वाचाल. कार्बनचं कापड गुंडाळताना एका बाजूला जरा जास्त थर येतो, त्या रेषेला स्पाईन म्हणतात. ब्लँकचं मूळ गुळगुळीत लादीवर टेकवा, टोकाखाली एक हात धरा, दुसऱ्या हाताने मधोमध हलकं दाबून फिरवा, एका जागी तो उडी मारल्यासारखा वळतो. गाईड त्या रेषेवरच लावावेत की नाही यावर बांधणाऱ्यांत जुना वाद आहे. स्पिनिंग रॉडला मी ब्लँकची जी बाजू सगळ्यात सरळ दिसते ती धरतो. फेकीच्या अचूकतेत मला त्याने कधी तोटा जाणवला नाही आणि रॉड बघायलाही सरळ दिसतो.

पायरी ४: गाईड

पैसे जपून वापरायचे असतील तर ब्लँक मध्यम घ्या, ग्रिप स्वस्त घ्या, पण गाईडवर काटकसर करू नका. खाऱ्या पाण्यात रॉड मरतो तो गाईडमुळे.

गाईडचे दोन भाग असतात. आतली रिंग, जिच्यातून लाईन धावते, आणि बाहेरची चौकट, जिचे पाय ब्लँकला बांधतात. रिंग कठीण आणि गुळगुळीत हवी. ब्रेडेड लाईन बारीक करवतीसारखी घासते, तिच्यात मातकट पाण्याचा गाळ अडकला की आणखीनच. नुसत्या क्रोम मुलाम्याच्या रिंगेवर तिने खाच पडते आणि मग ती खाच लाईन खाते. सिलिकॉन कार्बाइड, म्हणजे सिक, ही रिंग सगळ्यात भरवशाची. जपानच्या फुजी कंपनीची अल्कोनाइट रिंग त्याहून स्वस्त आणि खाडीच्या कामाला पुरेशी. साध्या ॲल्युमिनियम ऑक्साइडची रिंगही ब्रेडेड लाईन सोसते, फक्त ती जड आणि जाड असते.

पण रिंगेचं नाव बघून गाईड घेणारे चौकट बघत नाहीत, आणि गंज चौकटीला लागतो. स्टेनलेस म्हणून विकली जाणारी चौकटही आपल्या दमट, खाऱ्या हवेत तांबूस डाग धरते. ३१६ दर्जाचं स्टील खाऱ्या पाण्याला ३०४ पेक्षा चांगलं तोंड देतं. टायटॅनियम गंजतच नाही, मात्र किंमत कित्येक पटींनी चढते. मधला मार्ग असा: टोकाचा गाईड टायटॅनियमचा घ्या, बाकीचे चांगल्या स्टीलचे. टोकाचं वजन कमी झाल्याने रॉड हातात हलका भासतो, आणि गंजायला सगळ्यात आधी सुरुवात होते तीही टोकाकडूनच.

गंज कुठून शिरतो ते जवळून पाहण्यासारखं आहे. गाईडच्या पायाचं टोक कारखान्यातून बोथट येतं. दोरा ब्लँकवरून त्या टोकावर चढताना मध्ये पायरी राहिली तर तिथे फट पडते, म्हणून बारीक कानसीने ते टोक उतरतं करतात, अगदी कागदाच्या कडेइतकं पातळ. कानस लागली की धातूवरचा मुलामा जातो आणि उघडं पोलाद राहतं. त्यावर इपॉक्सी नीट पोचली नाही, तर काही महिन्यांनी पारदर्शक थराखाली केसासारखी तपकिरी रेघ दिसू लागते. पाय घासून झाल्यावर स्पिरिटने पुसा, दोरा गुंडाळा आणि पहिला हात देताना इपॉक्सी पायाच्या दोन्ही बाजूंच्या बोगद्यात शिरतेय का ते भिंगातून बघा. या कामात घाई नको.

किती गाईड लागतात? रॉडची लांबी फुटांत मोजा आणि एक मिळवा, म्हणजे सात फुटाला सुमारे आठ, टोकाचा धरून. आपल्या उदाहरणात ४००० चं रीळ असेल तर पहिला गाईड २५ मिलिमीटर रिंगेचा, दुसरा १६, तिसरा १०, आणि पुढचे सगळे ७ किंवा ८ चे. पहिले दोन गाईड दुहेरी पायांचे घ्या, त्यांच्यावर भार जास्त असतो. पुढचे एका पायाचे चालतात, त्याने वजन आणि दोऱ्याचं काम दोन्ही वाचतं. फार बारीक रिंगा हल्ली लोकप्रिय आहेत, पण तुमची लीडरची गाठ त्यातून सुळकन गेली पाहिजे. आवडता लीडर बांधून ती गाठ रिंगेतून ओढून बघा. अडली तर एक माप वर जा.

स्पिनिंग रिळावरून लाईन मोठ्या वेढ्यांत सुटते. पहिल्या काही गाईडनी ते वेढे क्रमाने लहान करत सरळ रेषेत आणायचे असतात. ते कुठवर, हे रीळ ठरवतं. रीळ सीटवर बसवा आणि स्पूलच्या (लाईन गुंडाळलेल्या चाकाच्या) दांडीची रेषा मनात पुढे वाढवा. दांडी ब्लँककडे किंचित कललेली असते, त्यामुळे ती रेषा पुढे कुठेतरी ब्लँकला भेटते. बारीक गाईडची रांग तिथून सुरू होते. प्रत्येक रिळाचा कल वेगळा, म्हणून रीळ आधी हवं म्हणालो. तिरप्या चौकटीचे गाईड मिळतात, त्यांच्यात ब्रेडेड लाईनचा गुंता अडकून राहत नाही, पुढे घसरून सुटतो. संध्याकाळी खाडीवर वारा सुटतो तेव्हा त्यांची किंमत कळते.

पहिला गाईड रिळाच्या पायापासून ५० ते ६० सेंटीमीटरवर येतो. टोकापासून पहिला धावता गाईड (बारीक रांगेतला) साधारण १० सेंटीमीटरवर. मधली अंतरं रिळाकडे वाढत जातात. हे आकडे फक्त सुरुवातीपुरते. सगळे गाईड आधी चिकटपट्टीने किंवा बारीक रबराने बसवा, लाईन ओवा, दुसरं टोक खिडकीच्या गजाला बांधा आणि रॉड वाकवा. ताणलेली लाईन ब्लँकच्या वाकीला साथ देत जायला हवी. दोन गाईडच्या मध्ये ती एकदम सरळ काप घेत असेल तर तिथे अंतर जास्त झालंय, गाईड सरकवा. समाधान झालं की पांढऱ्या पेन्सिलीने खुणा करा. या चाचणीला अर्धा दिवस गेला तरी चालेल.

टोकाच्या गाईडचं माप नळीच्या आतल्या व्यासाचं असतं. जपानी माल मिलिमीटरमध्ये येतो, अमेरिकी माल इंचाच्या चौसष्टाव्या भागांत: ५ नंबर म्हणजे सुमारे २ मिलिमीटर. ब्लँकचं टोक व्हर्नियरने (बारीक माप घ्यायच्या कॅलिपरने) मोजा आणि किंचित सैल बसणारं माप घ्या. तो चिकटवायला हॉट मेल्टचा, म्हणजे उष्णतेने वितळणारा, खास टिप ग्लू वापरा. सुपर ग्लू कधीच नको, कारण टोकाचा गाईड कधी ना कधी बदलावा लागतो आणि लायटरच्या हलक्या उबेने तो सुटून यायला हवा.

गाईडची पाकिटं आली की प्रत्येक रिंगेतून कापसाची काडी फिरवा. कापसाचा एखादा तंतू जरी अडकला तरी तो गाईड परत करा.

पायरी ५: रील सीट आणि मूठ

सीटचा नंबर म्हणजे ढोबळमानाने तिच्या आतल्या भोकाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. ३०००-४००० च्या रिळाला १७ नंबर बहुतेकांच्या हातात बसतो, मोठ्या पंजाला १८. नायलॉन-ग्रॅफाइटची सीट गंजत नाही. रिळाचा पाय पकडणारी टोपी मात्र धातूची असते, ती स्टेनलेसची आहे ना हे विचारा. आपल्या रिळाचा पाय तिच्यात पूर्ण शिरतो का हे प्रत्यक्ष बसवून बघा.

ब्लँक सीटच्या भोकापेक्षा बारीक असतो. मधली पोकळी भरायला बरेच जण कागदी मास्किंग टेप गुंडाळतात. गोड्या पाण्यात ते निभतं, खाडीत कागद ओल धरतो आणि सीट हलू लागते. पीयू फोमचे तयार आर्बर (पोकळी भरायच्या नळ्या) मिळतात ते घ्या, किंवा भिंतीच्या भेगांवर लावायची फायबर ग्लासची जाळीपट्टी इपॉक्सी माखून गुंडाळा. ती कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळते.

ग्रिपसाठी कॉर्क की ईव्हीए (रबरासारखा फोम)? कॉर्कचा स्पर्श उबदार, पण आपल्याकडे मिळणाऱ्या कॉर्कमध्ये भोकं बुजवलेला माल फार, आणि चिखलाच्या हातांनी तो काळवंडतो. दाट ईव्हीए घ्या. तो धुता येतो, ओला झाला तरी घसरत नाही, आणि भोक मोठं करायला जुन्या मोडक्या रॉडवर सँडपेपर चिकटवून केलेली कानस पुरते.

मुठीची लांबी कुणी सांगितली म्हणून धरू नका. विजेच्या वायरिंगची पीव्हीसी नळी दुकानातून आणा, तिच्यावर रीळ चिकटपट्टीने बसवा आणि गच्चीवर फेकायचा आविर्भाव करत बसा. नळीचं मागचं टोक बरगड्यांत घुसत असेल तर कापा, दुसऱ्या हाताला पकड मिळत नसेल तर वाढवा. बहुतेकांचं माप रिळाच्या पायापासून कोपरापर्यंत किंवा जरा पुढे येतं. जेट्टीच्या कठड्याला टेकून उभे राहणार असाल तर ते आखूड बरं.

पायरी ६: दोरा, गोंद, इपॉक्सी

दोरा रॉडसाठी बनवलेला नायलॉनचाच घ्या. शिलाईचा दोरा ताणला की तुटतो आणि रंग सोडतो. आपल्या रॉडला ए नंबर पुरतो. जोडावरच्या पट्ट्याला जाड डी नंबर वापरला तरी हरकत नाही. साधा नायलॉन इपॉक्सीने भिजला की गडद आणि अर्धपारदर्शक होतो, म्हणून रंग निवडताना पाण्याचा थेंब टाकून बघा.

सीट आणि ग्रिपसाठी हार्डवेअरच्या दुकानातलं सावकाश सुकणारं अरल्डाइट उत्तम. पाच मिनिटांत सुकणारं नको, सीट सरळ करायला वेळच मिळत नाही.

दोऱ्यावरची इपॉक्सी वेगळी, रॉडसाठीची असते. दोन भाग समसमान मोजून घ्यायचे. थेंब इकडे-तिकडे झाला की ती चिकटच राहते. औषधाच्या सिरिंजने मोजत असाल तर रबरी दट्ट्याच्या घेऊ नका. दट्ट्यावर सिलिकॉन तेल असतं, त्याने थरावर माशाच्या डोळ्यांसारखी वर्तुळं उमटतात. प्लॅस्टिकच्या दट्ट्याची सिरिंज घ्या. सुकताना रॉड फिरत ठेवायला मिनिटाला पाच-दहा फेरे घेणारी छोटी गिअरवाली मोटर लागते. ती नसेल तर पहिले काही तास दर थोड्या वेळाने पाव फेरा हाताने द्यायचा.

पावसाळ्यात इपॉक्सीचं काम काढू नका, हे मी सगळ्यांना सांगतो. जुलैत ठाण्यातली हवा इतकी दमट असते की थर दुधाळ होतो, वर मेणचट साय धरते. जून ते सप्टेंबरमध्ये ब्लँक मापा, गाईडचे पाय घासा, दोरा गुंडाळून ठेवा. इपॉक्सीसाठी ऑक्टोबरनंतरची कोरडी दुपार बघा. थांबवतच नसेल तर एसी चालू असलेल्या बंद खोलीत करा.

पायरी ७: मागवायचा क्रम

एकदम सगळं मागवू नका. पहिल्या फेरीत व्हर्नियर आणि रीळ. दुसऱ्या फेरीत ब्लँक, तो येताच मोजायचा. तिसऱ्या फेरीत गाईड, टोकाचा गाईड, सीट आणि आर्बर, त्या मापांप्रमाणे. दोरा, इपॉक्सी आणि ग्रिप शेवटी. इपॉक्सी उन्हात पडून राहिली तर पिवळी पडते, म्हणून तिचा साठा करू नये. ब्लँक पीव्हीसी पाइपात बांधून पाठवायला सांगा, पुठ्ठ्याच्या नळीतून आलेल्या ब्लँकची टोकं मोडलेली असू शकतात. पार्सल उघडताना मोबाईलवर चित्रण करा, तक्रार करायची वेळ आली तर तोच पुरावा.

इपॉक्सीचा थर दुसऱ्या दिवशी हाताला कोरडा लागला तरी आत पक्का व्हायला दिवस लागतात. आठवडाभर रॉड उभा टांगून ठेवा, मगच खाडीवर न्या. पहिल्या दिवशी ड्रॅग एक किलोवर लावा, हलक्या आमिषाने वीसेक वेळा फेकून बघा, मध्येच थांबून प्रत्येक गाईडच्या पायाशी थराला चीर गेली का ते बघा. घरी आल्यावर रॉड गोड्या पाण्याने धुवा, आणि धुताना रिंगेपेक्षा चौकटीच्या पायांवर जास्त पाणी जाऊ द्या.